उल्हासनगर आखलेलं होतं, पण दुसऱ्यांसाठी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आपण उल्हासनगरच्या पुनर्विकासावर पानभर मजकूर छापला. फोटो चांगले होते, चौकटीतली माहितीही कामाची होती. पण 'या शहराचं नियोजन कधी झालंच नाही' हे एकदा मथळ्याखाली, एकदा मजकुरात आणि एकदा कुणा तज्ज्ञांच्या तोंडी, असं तीनदा आलं आहे. ते खरं नाही. रोग एक आणि औषध भलतंच, असं उल्हासनगरनं आजवर पुष्कळ सोसलंय, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. जरा लांबेल. कापायचं असेल तर सुरुवातीचं खुशाल कापा, शेवटचं, नेवाळीच्या विमानतळाच्या जमिनीचं, तेवढं राहू द्या.

मी टपाल खात्यातला निवृत्त पोस्टमन. वडील शहाडला सेंच्युरी रेयॉनमध्ये कामाला होते, त्यामुळे आम्ही इथले झालो. राहायला मराठा सेक्शनमध्ये, आणि नोकरीतला बहुतेक काळ बीटही उल्हासनगरातलीच. वस्ती आखून बसवलेली आहे की आपोआप वाढलेली, हे पोस्टमनला पहिल्याच आठवड्यात कळतं. आपोआप वाढलेल्या वस्तीत घरांचे नंबर उड्या मारतात. 40 च्या शेजारी 212 निघतो आणि 41 कुठे म्हणून विचारलं तर लोक आपल्याकडेच बघतात. उल्हासनगरात एक बराक सापडली की तिच्या पुढच्या नंबरची कुठल्या अंगाला असणार हे न विचारता कळायचं. एका रांगेत बराकी, त्यांच्यामध्ये सारखं अंतर, मग रस्ता, मग पुन्हा रांग. याला नियोजन नाही तर काय म्हणायचं? फक्त ज्यांच्यासाठी ते केलं ते लोक इथं संसार थाटायला आलेले नव्हते. पुढच्या गाडीची वाट बघत होते.

दुसऱ्या महायुद्धात मुंबई बंदरात उतरणाऱ्या आणि तिथून निघणाऱ्या फौजांना मधल्या मुक्कामाला जागा हवी होती. कल्याण जंक्शनला एक लाईन कसाऱ्यावरून नाशिककडे आणि उत्तरेला जाते, दुसरी कर्जतवरून पुण्याकडे आणि दक्षिणेला. जवळ उल्हास नदीचं पाणी, भोवती माळ. लष्कराला आणखी काय लागतं? तिथं कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प उभा राहिला. महापालिकेच्या माहितीनुसार 6,000 सैनिक आणि इतर 30,000 माणसांची सोय होईल असा तो तळ होता. बराकी 2,126, त्यातल्या 1,173 राहण्याच्या. युद्ध संपलं, फौजा आपापल्या मुलखात गेल्या आणि तळ ओस पडला.

मग आली फाळणी. पंजाबचे दोन तुकडे झाले, बंगालचे दोन झाले. सिंधचे झालेच नाहीत, अख्खा प्रांत तिकडे गेला. पंजाबातून आलेल्याला निदान पूर्व पंजाब होता. सिंधमधून आलेल्या हिंदूंना त्यांचा म्हणावा असा एक तालुकाही भारतात मिळाला नाही. मिळाला तो लष्करानं टाकून दिलेला तळ. कराचीहून बोटीनं निघालेली कुटुंबं मुंबई बंदरात उतरली आणि गाडीनं कल्याणला आली. म्हणजे बंदर तेच, रेल्वे तीच, बराकीही त्याच. सैनिकांसाठी बसवलेली घडी निर्वासितांना जशीच्या तशी लागू पडली, आणि मला वाटतं म्हणूनच सरकारला ती इतक्या झटपट सुचली. एक लाखाच्या वर माणसं इथं आली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराचा पाया घातला गेला आणि नदीवरून उल्हासनगर हे नाव पडलं. तरी कल्याणची जुनी माणसं आजही 'कॅम्पात जाऊन येतो' असंच म्हणतात, आणि आम्हीही कॅम्प एक ते कॅम्प पाच असंच सांगतो.

36,000 माणसांच्या तात्पुरत्या सोयीत लाखभर माणसं कायमची. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ या एका वाक्यात आहे.

बराक म्हणजे काय हे आता टॉवरमध्ये वाढणाऱ्या मुलांना ठाऊक नसेल. मध्ये लांबलचक दालन, दोन्ही टोकांना जोडलेल्या खोल्या, वर उतरतं छप्पर. टोकाची खोली ज्याला मिळाली तो नशीबवान, त्याला निदान चार भिंती होत्या. मधल्या दालनात कुटुंबांच्या मध्ये गोणपाट नाहीतर जुनी चादर. मी नोकरीला लागलो तेव्हा गोणपाटं जाऊन विटांच्या भिंती आल्या होत्या, पण पुष्कळ बराकींत त्या आढ्यापर्यंत पोचलेल्या नव्हत्या. माणसाच्या डोक्याच्या वर हात-दीड हात, तिथं भिंत संपलेली. त्याचा मला फायदाच व्हायचा. टोकाच्या दारात उभं राहून रजिस्टरवरचं नाव मोठ्यानं पुकारलं की पाचव्या-सहाव्या खोलीतून 'आया भाऊ' असा ओ यायचा आणि मागोमाग चपला वाजायच्या. त्याच वाटेनं एका घरातल्या फोडणीचा ठसका सगळ्या बराकीला लागायचा, आणि भांडणही एकट्याचं कधी राहायचं नाही.

ओट्यावर पापड वाळत घातलेले असत. बायका सकाळपासून लाटत. उधारीवर पीठ आणायचं, लाटून पापड द्यायचे, किलोवर मजुरी घ्यायची. सायकल लांब उभी करून, पापडांच्या चादरींच्या कडेकडेनं पाय टाकत जावं लागे. एक म्हातारी होती, सगळी बराक तिला अम्मा म्हणायची. तिचा मुलगा परदेशात एका सिंधी पेढीवर नोकरीला होता. त्याचं पत्र आलं की पत्ता इंग्रजीत आणि आतला मजकूर त्यांच्या अरबी वळणाच्या लिपीत. अम्माला वाचता येत नसे, नातवंडं हिंदी-इंग्रजी शाळेत गेलेली, त्यांना ती लिपी येत नसे. मग शेजारच्या बराकीतल्या एका वृद्ध मास्तरांना बोलवायचं. ते वाचायचे तेव्हा आजूबाजूच्या खोल्यांमधला आवाज आपोआप बंद व्हायचा, कारण भिंतीवरून सगळ्यांनाच ऐकू जायचं. मास्तर वारल्यावर अम्मानं मुलाला हिंदीत लिहायला सांगितलं. हिंदीतली पत्रं मी वाचून दाखवायचो. ती ऐकून घ्यायची, पण दोन ओळींच्या पुढे तिचं लक्ष नसायचं.

बराकीचे नंबर कुणी बदलले नाहीत. आधी फौजेचे, मग निर्वासितांच्या छावणीचे, मग नगरपालिकेचे, मग महापालिकेचे (ती 1996 मध्ये झाली), आणि नंबर तेच. बराक नंबर, खोली नंबर, सेक्शन, कॅम्प, असा पत्ता. 1972 मध्ये पिन कोड आला तेव्हाही हे जुळून आलं. कॅम्प एक म्हणजे 421001, कॅम्प दोन 421002, असं करत कॅम्प पाच 421005. लष्कराच्या तळावरच्या छावण्यांचे आकडे टपाल खात्याच्या पिनच्या शेवटी जाऊन बसले. इतकी सरळ मांडणी मी दुसऱ्या गावात पाहिली नाही. मुंबईतल्या मित्रांना हे सांगितलं की ते हसतात, त्यांच्या मते उल्हासनगर म्हणजे जपानी बाजार (इथली कापडाची बाजारपेठ), नकली माल आणि 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा तो विनोद. तो विनोद आता पुरे झाला. सैनिकांच्या निजायच्या खोल्यांत ज्यांनी पेनं, बिस्किटं, मिठाई, फर्निचर आणि पुढे जीन्स तयार केल्या, त्यांनी कुणाचं काय चोरलं ते एकदा मोजून सांगावं. वालधुनी नदीची मात्र त्यांनी चोरीच केली, हे मी सिंधी मित्रांच्या तोंडावरही म्हणतो. जीन्स धुलाईचे कारखाने जोरात होते तेव्हा आज कुठला रंग चाललाय हे पुलावरून कळायचं. न्यायालयाचा बडगा बसला तेव्हा कुठे ते आवरलं.

आता नियोजनाकडे येतो. फौजेच्या आखणीत दोन बराकींच्या मधली मोकळी जागा हा आखणीचाच भाग होता. हवा, उजेड, सामान ने-आण, सगळं त्यातून. संडास लांब, रांगेनं. सैनिकाला ते चालतं. सहा माणसांच्या कुटुंबाला चालत नाही. त्यांना मोरी दाराशी हवी, चूल आत हवी, मुलगा लग्नाचा झाला की आणखी एक आडोसा हवा. तो आडोसा कुठून येणार? समोरच्या मोकळ्या जागेतूनच. आधी ओटा, मग ओट्यावर पत्रा, मग पत्र्याला भिंत. समोरच्या बराकीतल्यानंही तेच केलं. मधली जागा दोन्हीकडून आवळत गेली आणि उरली ती आजची गल्ली, जिच्यात रिक्षा शिरत नाही आणि पाऊस पडला की पाण्याला जायला वाट नाही. त्या जागेवर गटार टाकायचं, पाइप टाकायचा, विजेचा खांब रोवायचा, सगळं नंतर सुचलं. आपल्या तज्ज्ञांना दिसतो तो हा शेवटचा थर. खालची आखणी त्यांनी उकरून पाहिलीच नाही.

बरं, ही जागा नावावर कुणाच्या? 1954 मध्ये केंद्र सरकारनं विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा केला. सिंधमध्ये सोडून आलेल्या मालमत्तेचा दावा मंजूर झाला की त्याच्या पोटी इथली खोली मिळायची, काहींनी हप्त्यानं पैसे भरून घेतली. खोली नावावर झाली, पण खोलीपुढचा ओटा, बराकीमागची पट्टी, दोन बराकींमधली जागा, ती कुणाची हे पुष्कळ ठिकाणी अधांतरीच राहिलं. त्यासाठी पुढे सनदा, म्हणजे जागा नावावर करून देणारे सरकारी कागद, निघू लागल्या. इथं सनद म्हटलं की कुणाचा चेहरा खुलतो आणि कुणाचा उतरतो, एवढंच सांगतो.

माझ्या वडिलांनी एका निर्वासित कुटुंबाकडून खोली घेतली होती. निवृत्तीनंतर ती माझ्या नावावर करायला ज्या कार्यालयात मी खेटे घातले त्याचं नाव घेत नाही. तिथल्या बाई स्वभावानं चांगल्या. फाईल उलटसुलट करून म्हणाल्या, "काका, या जागेचा मूळ मालक कोण?"

मी म्हटलं, "तसं बघितलं तर लष्कर."

त्या गंभीरपणे म्हणाल्या, "मग लष्कराचा सातबारा आणा."

मी हसलो, त्या हसल्या नाहीत. त्यांचंही चूक नव्हतं. त्यांच्या तक्त्यात एक रकाना होता आणि तो भरल्याशिवाय फाईल पुढे सरकणार नव्हती. असे रिकामे रकाने या शहरात किती असतील याची कल्पना करा.

ज्याच्या कागदाला शेंडाबुडखा नाही त्या जमिनीवर रीतसर परवानगी मिळायला दमछाक होते. मग लोक परवानगीशिवाय बांधतात. बराकीची तळमजला अधिक एक झाली, मग चार मजले, पाच मजले. 1990 नंतर तर एका बराकीच्या जागी दोन-दोन इमारती उभ्या राहिल्या, नावं 'पॅलेस' आणि 'अपार्टमेंट', आणि पत्त्यात अजून तोच बराक नंबर. खोली नंबर सातचं पत्र तिसऱ्या मजल्यावर द्यायचं हे मला पाठ होतं, माझ्यानंतर आलेल्या पोरानं ते कुठून शिकायचं? 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं इथल्या 855 बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला तेव्हा गावात सुतक पडल्यासारखं झालं होतं. 2006 मध्ये राज्य सरकारनं खास उल्हासनगरसाठी कायदा करून दंड भरा आणि बांधकाम नियमित करून घ्या अशी वाट काढली. त्या वाटेनं फार थोडे गेले. दंड भारी वाटला हे एक कारण, पण नियमित करायला मुळात जागेचा कागद लागतो आणि गाडं तिथंच अडतं, हे दुसरं आणि माझ्या मते खरं. 2021 च्या मे महिन्यात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं दगावली. त्यातला एक रस्ता माझ्या बीटमधला. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

राज्यात अशा जागा आणखी आहेत, पण प्रत्येकीचं नशीब वेगळं. देवळालीही फौजांच्या मुक्कामाचीच जागा, पण तिथून लष्कर हललं नाही. तोफखान्याची शाळा तर फाळणीच्या आधीच काकूलहून देवळालीला आली होती. (पाकिस्तानी लष्कराची अकादमी आज त्याच काकूलला आहे.) कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धकाळात पोलंडच्या निर्वासितांसाठी छावणी बांधली होती. 1948 पर्यंत पोलिश माणसं गेली आणि सिंधी आले, त्याचं आज गांधीनगर झालं, कपड्यांची मोठी बाजारपेठ आहे. देवळालीला मालक एकच राहिला, म्हणून गोंधळ नाही. वळिवडं मुळात कुटुंबांसाठीच बांधलेलं. अडचण झाली ती आमच्याकडे. बांधलं एकट्या-दुकट्या सैनिकासाठी आणि राहिली कुटुंबं.

आता नेवाळी. ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसलो.

त्याच युद्धात, त्याच सरकारनं, आमच्या कॅम्पापासून थोड्याच किलोमीटरवर, मलंगगडाच्या रस्त्याला नेवाळी आणि आसपासच्या गावांची जमीन विमानतळासाठी घेतली. 1,600 एकरांहून जास्त. भाल, द्वारली या बाजूची गावं त्यात आली. धावपट्टी झाली, विमानं उतरली, युद्ध संपलं. इथं कॅम्प ओस पडला तसा तिथं विमानतळही पडला. मग गावकऱ्यांनी पुन्हा भात लावायला सुरुवात केली. जमीन त्यांच्याच आजा-पणजाची, बांध त्यांच्या ओळखीचे, आणि युद्ध संपल्यावर जमीन परत मिळेल असं सांगूनच ती घेतली होती असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. तरुणपणी मी त्या धावपट्टीवर स्कूटर शिकलो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मध्ये काळीकरडी पट्टी, कडेला शेंगा सुकत घातलेल्या. स्कूटर शिकायला त्याहून चांगली जागा नाही. समोरून आलीच तर म्हैस येणार.

पण कागदावर जमीन संरक्षण खात्याकडेच राहिली. नौदलानं कुंपणाची भिंत घालायला घेतली आणि 22 जून 2017 रोजी भडका उडाला. रस्ते अडवले गेले, पोलिसांच्या गाड्या पेटल्या, छर्रे लागून गावकरी जखमी झाले, पोलीसही जखमी झाले. गाड्या जाळल्या हे वाईटच. पण त्या दिवशी टीव्हीवर 'संरक्षण खात्याच्या जमिनीवर अतिक्रमण' एवढंच वाजत होतं, आणि मला राहून राहून एकच वाटत होतं. एका युद्धासाठी जवळजवळच्या दोन जागा लष्कराकडे आल्या. दोन्ही युद्धानंतर रिकाम्या पडल्या. दोन्हींवर माणसं आली. एका जागेवर आलेल्यांसाठी सरकारनं कायदा केला, कोनशिला बसवली, रेल्वे स्टेशन दिलं. दुसऱ्या जागेवर तर कुणी नवं आलंच नव्हतं, जुनेच परतले होते, आणि त्यांच्या वाट्याला अतिक्रमणाचा शिक्का आला.

सिंधी लोकांना जागा दिली यात गैर काहीच नाही. ते आले नसते तर मी कुणाचं टपाल वाटलं असतं? त्यांच्यात माझी अर्धी हयात गेली, दिवाळीला अजून कुणाच्या ना कुणाच्या घरून मिठाईचा डबा येतो. चालिहोच्या, म्हणजे सिंधी लोकांच्या चाळीस दिवसांच्या व्रताच्या, दिवसांत कॅम्प पाचला झुलेलालच्या देवळात मीही जाऊन येतो. नौदलाला जमीन नको असंही मी म्हणत नाही, देशाला लागत असेल तर लागत असेल. माझं म्हणणं इतकंच की युद्धकाळात घाईनं घेतलेल्या जागेचा हिशेब शांततेच्या काळात नीट मांडायचा राहून गेला, तो दोन्हीकडे राहून गेला. आमच्याकडे त्याची झाली बेकायदा इमारत, त्यांच्याकडे झाली दगडफेक. आपल्या पानावर एक बातमी शहर प्रतिनिधी लिहितो, दुसरी गुन्हे प्रतिनिधी लिहितो, म्हणून वाचणाऱ्याला त्या एकाच तळाच्या दोन टोकांच्या गोष्टी आहेत हे दिसत नाही.

पुनर्विकासाबद्दल आता मोठमोठी चित्रं छापून येताहेत. काचेचे टॉवर, खाली बाग, बागेत गोरी मुलं. चित्रातली बाग ज्या जागेवर दाखवतात ती बहुतेक ठिकाणी दोन बराकींमधली तीच मोकळी जागा आहे, म्हणजे आधी जी होती तीच आता विकत मिळणार. असो. टॉवर व्हावेत, जुन्या इमारतींत जीव मुठीत धरून राहण्यापेक्षा ते बरेच. पण आधी मूळ कॅम्पाचा नकाशा टेबलावर ठेवावा, त्यावर प्रत्येक बराक आणि खोली दाखवावी, खोली पहिल्यांदा कुणाला दिली, आज तिथं कोण राहतं, वरच्या मजल्यावर कोण आणि ओट्यावर कोण, हे गल्लीत जाऊन लिहून घ्यावं. ज्यांनी हे काम करायचं त्यांनी सोबत एखादा जुना पोस्टमन घ्यावा. आम्ही अजून चार-दोन जण आहोत, चहावर येऊ. बराकींमधल्या जागा रस्त्यांना आणि गटारांना परत जाव्यात, बांधकामाच्या हिशेबात धरू नयेत. भाडेकरू आणि वरच्या मजल्यावरचे यांना 'अपात्र' म्हणून आधीच बाजूला काढू नये. 2011 च्या जनगणनेत या 13 चौरस किलोमीटरच्या शहरात 5,06,098 माणसं होती. त्यातली किती मूळ खोलीधारक असतील? फार थोडी.

काही मित्र म्हणतात एक बराक स्मारक म्हणून ठेवा, तिच्यात फोटो लावा. माझा त्याला विरोध नाही, उत्साहही नाही. स्मारकाला कुलूप असतं आणि किल्लीवाला जेवायला गेलेला असतो. त्यापेक्षा नव्या टॉवरच्या फाटकावर बिल्डरच्या नावाइतक्याच ठळक अक्षरात जुना बराक नंबर लिहिण्याची अट घाला. मला त्यात भावनेपेक्षा सोय जास्त दिसते. आजही बँकेची, कोर्टाची, पासपोर्टची पत्रं त्याच नंबरवर येतात, आणि इथल्या निम्म्या लोकांच्या कागदावर तेवढी एकच गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी आहे.

नेवाळीबाबत विनंती आपल्यालाच. ती जमीन कुठल्या आदेशानं घेतली, कुणाला किती मोबदला दिला, परत देण्याची अट होती की नव्हती, हे कागद सरकार दरबारी असणारच. शेतकरी एक सांगतात, सरकार दुसरं सांगतं. आपल्यासारख्या वर्तमानपत्रानं माहितीचा अर्ज टाकून ते कागद मिळवावेत आणि जसेच्या तसे छापावेत. जे निघेल ते निघेल. शेतकऱ्यांच्या विरुद्ध निघालं तरी छापावं. माझ्या ओळखीचे नेवाळीकडचे एक शेतकरी आहेत, वयानं माझ्याहून मोठे. त्यांना मी हे बोललो तर ते म्हणाले, "भाऊ, कागद बघायला मिळाला तरी लई झालं. आमच्या बापानं नुसता ऐकला होता."

जाता जाता एक दुरुस्ती. रविवारच्या चौकटीत नेताजी चौकातल्या मदत केंद्राचा पत्ता दिलाय, त्यात पिन 421003 छापला आहे. तो भाग कॅम्प पाचमध्ये येतो. 421005 हवा. लोकांनी आपला पत्ता बघून अर्ज टपालानं पाठवले असतील तर ते कॅम्प तीनच्या पोस्टात पडून असतील, तेव्हा दुरुस्ती पुढच्या रविवारची वाट न बघता उद्याच छापावी.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन
मराठा सेक्शन, उल्हासनगर-421004
(नाव छापू नये, ही विनंती.)